शेळीच्या दुधाचा ताप

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका पालकांचा मला फोन आला. त्यांच्या धाकट्या भावाला कितीतरी दिवस ताप येत होता, कंबर धरली होती, आणि आता कुठे आजाराचं नाव कळलं होतं. पण ते नाव त्यांना नीट म्हणता येत नव्हतं. "मॅडम, ते ब्रू... ब्रुसे..."

"ब्रुसेलोसिस," मी म्हटलं.

"हां, तेच. तुम्हाला झालं होतं ना? माणूस बरा होतो का हो यातून?"

"होतो. मी आत्ता ग्राउंडवरूनच बोलतेय."

पलीकडून त्यांनी सोडलेला निःश्वास मला ऐकू आला. मग त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. काहींची उत्तरं माझ्याकडे होती, काही मी डॉक्टरांवर सोपवली. फोन ठेवल्यावर वाटलं, मला हा आजार झाला तेव्हा असा फोन करायला कोणीच नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. यात औषधांची नावं आणि डोस सापडणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. बाकी मला जे जे झालं ते सांगते.

डेंग्यू आणि सल्ले

मी कात्रजच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. माहेर अमरावतीचं. लग्नानंतर पुण्यात आले आणि इथलीच झाले. धनकवडीत आम्ही चौघं राहतो: मी, माझा नवरा मिलिंद, मुलगी ईशा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यात, लहानपण सदाशिव पेठेत गेलंय. लग्न ठरायच्या वेळी मी शाळेत पी. टी. शिकवते हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे शिट्टी वाजवायचा पगार मिळतो?" त्यांच्या बोलण्यात तेव्हाही राग नव्हता, आताही नसतो. त्यांची जीभच तशी आहे. माया असली तर ती हातांतून दिसते, तोंडातून कधी नाही.

त्या वर्षी गणपती उठले आणि मला डेंग्यू झाला. प्लेटलेट घसरायला लागल्या. सोसायटीतला प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. कोणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कोणी किवी, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी शेळीचं दूध. ते कच्चंच घ्यायचं, उकळलं की गुण जातो, हेही सगळ्यांनी सांगितलं.

आईंना एक शेवंताबाई माहीत होत्या. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका वाडीत त्या राहतात. पूर्वी आमच्या सोसायटीत रानभाज्या विकायला यायच्या. त्यांच्याकडे शेळ्या होत्या. आई, वय सत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, धनकवडीहून स्वारगेट आणि स्वारगेटहून पुढे अशा दोन बस बदलून तिथे जायच्या आणि फिरकीच्या डब्यातून दूध घेऊन यायच्या. मिलिंद म्हणाला, "आई, मी सुट्टी टाकून गाडीने आणतो." त्या म्हणाल्या, "तू ऑफिसच्या मीटिंगा कर. शेळी तुझ्यासाठी थांबणार नाही."

शेळीच्या दुधाला एक उग्र वास असतो. मी नाक दाबून प्यायचे. आई समोर उभ्या राहायच्या आणि पेला रिकामा झाला की उलटा करून बघायच्या. प्लेटलेट वाढल्या. त्या तशाही वाढल्याच असत्या, हे आता मला माहीत आहे. पण तेव्हा घरात दुधाचाच जयजयकार झाला, आणि आईंनी कोणालाही न विचारता शेवंताबाईंना एक नवी साडी नेऊन दिली.

चार वाजता येणारा पाहुणा

दिवाळीनंतर मला पुन्हा ताप यायला लागला. पण हा ताप विचित्र होता. सकाळी मी अगदी ठीक असायचे. स्वयंपाक, शाळा, ग्राउंड, सगळं व्यवस्थित. दुपार उतरायला लागली की अंगात थंडी भरायची, सांधे दुखायचे, आणि मग इतका घाम यायचा की कपडे बदलावे लागायचे. आठ-दहा दिवस असं व्हायचं, मग मध्येच सगळं थांबायचं. मी म्हणायचे, गेला एकदाचा. की परत यायचा.

एका डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं, दुसऱ्यांनी टायफॉइड. तिसऱ्या डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमचं वयच हे सगळं होण्याचं आहे." शाळेतल्या मैत्रिणींचं मत होतं की ईशाच्या बारावीचं टेन्शन मी घेतलंय. ईशा म्हणाली, "मम्मा, टेन्शन तर मला यायला पाहिजे ना!"

मग पाठ धरली. कमरेच्या जरा वर, मणक्यात, कोणीतरी आतून पाना आवळल्यासारखं दुखायचं. डिसेंबरात शाळेचा क्रीडामहोत्सव असतो. सरावाच्या वेळी मुलांना वाकून स्टार्ट कसा घ्यायचा हे दाखवायला मी खाली बसले आणि मला उठताच येईना. मुलांना वाटलं, मॅडम गंमत करतायत. दोघी शिक्षिकांनी काखेत हात घालून मला उभं केलं. ज्या शरीराच्या जोरावर मी आयुष्यभर पोट भरलं, ते असं चारचौघांत खाली बसलं, याची मला दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

टीबी असणार

एमआरआय झाला. मणक्याच्या दोन हाडांमध्ये सूज आणि थोडा पू दिसत होता. डॉ. घाडगे म्हणून फिजिशियन होते, त्यांनी फिल्म दिव्यावर धरली. "आपल्याकडे असं चित्र दिसलं की पहिलं नाव टीबीचंच घ्यावं लागतं," ते म्हणाले. "पण मला खात्री करून घ्यायची आहे. ॲडमिट व्हा. रक्त कल्चरला लावू, आणि सुईने मणक्यातला तुकडा काढून तपासू."

मिलिंदने विचारलं, "टीबीची औषधं लगेच सुरू करायला काय हरकत आहे? दिवस कशाला घालवायचे?"

"कारण एकदा औषधं सुरू केली की जंतू दबतो आणि मग तो कोण होता हे कळत नाही. चुकीच्या शत्रूशी वर्षभर लढायचंय का?"

पार्किंगमध्ये आल्यावर मिलिंद गाडीचा दरवाजा उघडून तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "बस ना आत." तो म्हणाला, "हो, बसतो," आणि तरी उभाच राहिला. मग मी बघू नये म्हणून त्याने तोंड फिरवलं.

घरी बातमी पसरली. आईंच्या नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, सुनेची ताट-वाटी वेगळी ठेवा हो. आई म्हणाल्या, "मणक्यातला टीबी आमटीतून पसरत नाही. पण तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून तुमचा कप वेगळा ठेवते." बाईंनी चहा अर्धाच घेतला.

ॲडमिट झाल्यावर

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो. उजाडायच्या आत मावशी फिनेल टाकून फरशी पुसायच्या, मग सिस्टर थर्मामीटर घेऊन यायच्या, मग रक्त घ्यायला येणारा मुलगा, मग चादर, मग नाश्त्याचे पोहे. मला कुशीवर वळायचं तर अख्खं अंग एकदम, ओंडक्यासारखं वळवावं लागायचं, आणि त्याला दोन माणसं लागायची. पहिल्या दिवशी लाजेने मी वळायला मागायचेच नाही. एका सिस्टरनी ते ओळखलं. "ताई, तुम्ही मुलांना पाडायला शिकवता ना कबड्डीत?" त्या म्हणाल्या. "मग आता आम्हाला उचलू द्या." त्यानंतर मी मागायला लागले.

रक्ताच्या कल्चरबद्दल मी डॉ. घाडग्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं की रक्त एका बाटलीत घालून उबदार मशीनमध्ये ठेवतात. बाटलीत जंतूंना लागणारं खाद्य असतं. रक्तात जंतू असले तर ते वाढतात आणि मशीन इशारा देतं. मी म्हटलं, "म्हणजे विरजण लावल्यासारखं." ते हसले. "हो. फक्त आम्हाला दही लागू नये असं वाटत असतं."

मला मात्र लागावं असं वाटत होतं. नाव नसलेल्या दुखण्याला मी कंटाळले होते. काहीही निघो, पण त्याला नाव असो. रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि मान हलवायचे: अजून काही नाही. मणक्यातल्या तुकड्यातही टीबीचा जंतू सापडला नव्हता.

सोमण मॅडम

त्या दिवशी सकाळी आई माझ्याजवळ स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. एक मध्यमवयीन बाई वॉर्डात आल्या, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप नाही. माझ्या पलंगाशी थांबल्या.

"सुजाताताई ना? मी डॉक्टर सोमण. खालच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये असते. आम्ही सहसा वर येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची बाटली नेहमीच्या मुदतीत कोरी होती. पण डॉक्टर घाडग्यांनी सगळी हकिगत सांगितली होती, म्हणून आम्ही ती फेकली नाही, आणखी काही दिवस मशीनमध्येच ठेवली. काल तिच्यात वाढ दिसली."

मी उठायला गेले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "पडूनच राहा. मला दोन-तीन प्रश्न विचारायचेत. तुमच्याकडे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आहेत?"

"नाही हो, फ्लॅटमध्ये राहतो."

"कुठे जनावरांच्या बाळंतपणाला वगैरे हात लावलाय? कच्चं मांस हाताळता?"

"नाही."

"आणि गेल्या सहा महिन्यांत कधी कच्चं, न उकळलेलं दूध प्यायलात?"

मी आठवत होते. मला खरंच पटकन आठवलं नाही. आईंच्या हातातलं संत्रं थांबलं.

"शेळीचं," आई म्हणाल्या. "डेंग्यूच्या वेळी. मी आणलं होतं. उकळू नकोस, असंही मीच सांगितलं होतं."

सोमण मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, तुम्ही आत्ता हे लगेच सांगितलंत त्यामुळे आमचे पुष्कळ दिवस वाचले."

"आणि आधीचे घालवले कोणी?" आई म्हणाल्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या आणि मला समजेल असं सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाळू सांडल्यासारखे दिसणारे जंतू होते. पुढच्या चाचणीने नक्की होईल, पण त्यांना ब्रुसेला वाटत होता. तो जनावरांच्या दुधातून येतो. दूध नीट उकळलं किंवा पाश्चराइज केलं की मरतो. माणसात शिरला की ताप येतो-जातो, आणि कधी कधी मणक्यात जाऊन बसतो. "औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "बरेच महिने घ्यावी लागतील. पण आहेत, आणि ती काम करतात."

संध्याकाळी नाव पक्कं झालं. मी ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं. ब्रुसेला. फुलाचं नाव असावं तसं. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

घरात पडलेली शांतता

दुसऱ्या दिवसापासून आई हॉस्पिटलात आल्या नाहीत. डबा यायचा, त्यात माझ्या आवडीची भाजी असायची, पण डबा मिलिंद आणायचा. मी विचारलं तर म्हणाला, "येईल ती." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी तिला बोललो."

"काय बोललास?"

"तुला कोणी सांगितलं होतं असले उद्योग करायला, असं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, "सुजाता, तुला वळता येत नाहीये. मला राग येणार नाही का?"

"येऊ दे की. पण तो आईंवर काढायचा नाही."

ईशाने फोनवर सांगितलं की आजी दिवसभर स्वयंपाकघरात असते, टीव्ही लावत नाही, आणि दूध उकळल्यावर परत उकळते, आणि परत. "मम्मा, मला अभ्यास करवत नाही गं," ती म्हणाली. त्या पोरीची परीक्षा तोंडावर आली होती. जंतू माझ्या मणक्यात होता, पण घर सगळंच आजारी पडलं होतं.

मी आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी घरचं बघते. तिथे येऊन मी काय करणार?"

"माझी वेणी घालायला या. सिस्टर फार ओढतात."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मग म्हणाल्या, "तेल आणते. तुझ्या केसांचा झाडू झाला असेल."

दुपारी आल्या. मला कुशीवर वळवून पाठीमागे बसल्या आणि विंचरायला लागल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच बोलता आलं.

"मी विचारायला पाहिजे होतं कोणाला तरी," त्या म्हणाल्या. "दहा अडाण्यांनी सांगितलं आणि अकरावी मी."

"आई, जंतू मला दिसला नाही, तुम्हालाही दिसला नाही. मला काय दिसत होतं सांगू? तुम्ही डबा घेऊन जिना चढून यायचात आणि दारात धाप टाकत उभ्या राहायचात. ते दिसत होतं."

"शहाणपणा नको. मान सरळ ठेव."

मी मान सरळ ठेवली. वेणी घालून झाल्यावर त्यांनी ती माझ्या खांद्यावरून पुढे टाकली आणि हात तिथेच ठेवला. आमच्या इतक्या वर्षांत त्या अशा कधी बसल्या नव्हत्या.

अभ्यासासाठी रक्त

सोमण मॅडमच्या विभागात या आजारावर एक संशोधन चालू होतं. लांबलेला ताप आणि कच्चं दूध यांचा किती ठिकाणी संबंध सापडतो, हे ते बघत होते. तेजश्री नावाची त्यांची सहकारी माझी संमती घ्यायला आली. तिने सगळं मराठीत वाचून दाखवलं: माझ्या रक्ताचे नमुने जपून ठेवतील, वर्षभर मला तपासणीला बोलावतील, नाव कुठे येणार नाही, आणि मी कधीही नाही म्हणू शकते.

आईंनी विचारलं, "यात हिचा काय फायदा?"

"खरं सांगायचं तर थेट फायदा काही नाही, आजी. उपचार तर तसेही मिळणारच आहेत. पुढच्या पेशंटला कदाचित होईल."

"छान. निदान खरं बोललात. कर गं सही."

सही करता करता मी तेजश्रीला सहज म्हटलं, "ती बाटली कोणी उघडली होती?"

"मी आणि अजून एक जण," ती म्हणाली. "हा जंतू हवेतून लॅबमधल्या माणसालाही धरतो. म्हणून काचेच्या बंद कपाटात हात घालूनच काम केलं. आता आमचंही रक्त अधूनमधून तपासतायत. काही निघालेलं नाही." मग जरा संकोचून म्हणाली, "आम्हाला पेशंट कधी दिसत नाहीत. नंबर दिसतात. तुम्हाला बघावंसं वाटत होतं."

आपल्याला बरं करायला कोण कोण झटतं, त्यातली किती माणसं आपल्याला भेटतात? मी तिचा हात धरला आणि सोडायचं विसरले.

गोळ्यांचे महिने

सुरुवातीला इंजेक्शनं, मग गोळ्या. एका गोळीने लघवी नारिंगी होते. मला आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी किंचाळलेच असते. दुसरीने पोटात ढवळतं आणि ऊन सोसत नाही. ती दुधाबरोबर घ्यायची नाही, हे ऐकल्यावर आई म्हणाल्या, "त्याची काळजी नको. या घरात दुधाचं नाव काढायची कोणाची छाती आहे?"

कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतात. सोडू नका. माझ्याबरोबर ईशा अभ्यासाला बसायची. ती तिची पुस्तकं घ्यायची, मी माझ्या गोळ्या घ्यायचे, आणि आम्ही एकमेकींवर नजर ठेवायचो. तिची परीक्षा चांगली गेली.

आणि एक दुपार अशी आली की मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, शाळेची बस खालून गेली, शेजारच्यांकडे चहाची भांडी वाजली, आणि माझ्या लक्षात आलं की ऊन उतरलंय आणि मला थंडी वाजलेली नाही. मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. वाट बघितली. काही आलं नाही. मग मी टॉवेलची घडी घातली.

वाडीवर

सोमण मॅडमनी आधीच विचारलं होतं की दूध कुठलं. कोणाला दोष द्यायला नाही, तर तिथली माणसं आजारी असू शकतात म्हणून. आई म्हणाल्या, "मी येते. ती मला ओळखते. तुम्ही कोट घालून गेलात तर दार लावून घेईल."

मला बसता-चालता यायला लागल्यावर, कमरेला पट्टा बांधून, मीही गेले. मिलिंदने गाडी इतकी हळू चालवली की मागून सायकलवाले पुढे गेले. शेवटचा चढ मी त्याचा हात धरून, थांबत थांबत चढले. बरोबर तेजश्री होती.

शेवंताबाईंनी अंगणात घोंगडी टाकली. आईंनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शेवंताबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माज्या शेळीमुळं झालं व्हय?"

"तुझ्या शेळीमुळे आणि माझ्या अकलेमुळे," आई म्हणाल्या. "निम्मं-निम्मं."

तेजश्रीने त्यांना विचारलं, तुम्हाला काही त्रास होतो का. "मला काय धाड भरलीय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, पदराशी चाळा करत, "कंबर तेवढी धरलीया. सांजच्याला कणकण येती. आता वय झालं, व्हायचंच."

मी आणि आईंनी एकमेकींकडे बघितलं.

पण रक्त द्यायला त्या तयार होईनात. "रगतात काय निघालं तर लोक म्हणतील, शेवंताचं दूध इषारी हाय. शेळ्या घेऊन जातील माज्या. मग म्या काय करू?" त्यांचं चूक नव्हतं. माझ्या दुखण्यात माझा पगार चालू राहिला होता. त्यांच्या घराचा आधार त्या गोठ्यातच उभा होता.

आई घोंगडीवरून सरकून त्यांच्या शेजारी गेल्या. "शेवंता, मी डॉक्टरांसमोर बोलले नसते ना, तर ही अजून टीबीच्या नावाने पडून असती. मलाही लाज वाटली होती. मेली नाही मी लाजेने. तुझी कंबर वयाने नाही धरलेली. मी तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे, माझी बघ." आणि त्या खरंच उठून उभ्या राहिल्या. गुडघे कटकन वाजले. शेवंताबाईंना हसू फुटलं.

"गुडघ्यांचं नाही बोलले मी," आई म्हणाल्या.

शेवंताबाईंनी हात पुढे केला. तेजश्रीने रक्त घेतलं. त्यात ब्रुसेला निघाला.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. सरकारी पशुवैद्य आले, शेळ्या तपासल्या, आणि दोघींत जंतू निघाला म्हणून त्या कळपातून काढाव्या लागल्या. त्यातली एक शेवंताबाईंच्या फार लाडाची होती. काही दिवस त्यांनी आईंचा फोन उचलला नाही. पण गोळ्या मात्र घेतल्या, कारण कणकण थांबली होती आणि ती का थांबली हे त्यांना कळलं होतं. मग एक दिवस त्यांनीच फोन केला. "आजी, ह्या नारिंगी मुताचं काय?" आईंनी मला ओरडून विचारलं, आणि तो प्रश्न अख्ख्या जिन्याने ऐकला.

आज

माझी वर्षभराची तपासणी झाली. सोमण मॅडमनी रिपोर्ट मिटला आणि म्हणाल्या, "आता येऊ नका." शेवंताबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. माझी पाठ पावसाळी हवेत थोडी कुरकुरते, लांब उडी मी आता तोंडानेच शिकवते. बाकी धावते, वाकते, मुलांवर ओरडते.

मागच्या रविवारी शेवंताबाईंचं बोलावणं आलं. त्यांच्या तपासून घेतलेल्या शेळीला दोन करडं झाली होती. त्यांच्या घरापर्यंत गाडी जात नाही, शेवटचा चढ पायीच चढावा लागतो. शेवंताबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुढे, मी मागे. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "दम लागला व्हय?" मी नाही म्हटलं. "मग चला बिगीबिगी," त्या म्हणाल्या, आणि मी खरंच बिगीबिगी चालायला लागले. आई मिलिंदच्या हाताला धरून सावकाश वर आल्या.

काळं-पांढरं करडू उचलून शेवंताबाईंनी आईंपुढे धरलं. "घ्या की मांडीवर."

आई दोन पावलं मागे सरकल्या. "असू दे. लांबूनच सुंदर दिसतंय."

शेवंताबाई इतक्या हसल्या की करडू त्यांच्या हातातून सुटलं आणि अंगणभर उड्या मारत सुटलं. मग त्यांनी साबणाने हात धुतले, चूल पेटवली आणि पिठलं-भाकरी केली. घराबाहेर कधीही धड न जेवणाऱ्या आमच्या आईंनी दुसरी भाकरी मागून घेतली.